काकूंची पिशवी

आमच्या काकूंकडे एक पिशवी आहे. सांगलीतल्या कुठल्याशा साडीच्या दुकानाची, एक बंद तुटलेला. तिच्यात घरातल्या यच्चयावत माणसांचे यच्चयावत रिपोर्ट असतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची चिठ्ठी, चुलतभावाला शाळेत असताना झालेल्या टायफॉइडचा कागद (भाऊ आता पन्नाशीला आलाय!), कुणाचा तरी दाताचा एक्सरे. दिवाळीनंतर काकू माझ्याकडे साताऱ्याला राहायला आल्या तेव्हा पिशवीही आली. आणि एका संध्याकाळी सहाच्या सुमारास त्यांच्या छातीत भरून आलं, म्हणून आम्ही घाईघाईने निघालो, तेव्हा चपला घालायच्या आधी त्यांनी पिशवी उचलली.

हॉस्पिटलात पोचल्या पोचल्या ईसीजी काढला, रक्त घेतलं. डॉक्टर म्हणाले, जुना ईसीजी असेल तर दाखवा. मी बाकावर बसून कागद उपसायला लागले. जुना ईसीजी सापडला (म्हणजे पिशवीला हसणारे आम्ही सगळे मूर्ख ठरलो). त्याच्या आधी हाताला आणखी एक कागद लागला. घडीवर फाटत आलेला. १९९६ सालचा. सीपीके-एमबी : १४. पुढे कंसात, नॉर्मल २५ पर्यंत.

अक्षर माझं होतं.

घरच्यांना पुढचं माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते. मी आयुष्यभर लॅब टेक्निशियन होते, सांगलीत. माहेर साताऱ्याचं. शिकायला आप्पाकाकांकडे, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाकडे, सांगलीच्या गावभागात राहिले, डीएमएलटी केलं, लग्नही तिथेच झालं. तो कागद आप्पाकाकांचा. माझ्या हातून गेलेला. त्यानंतर सहा तासांनी आप्पाकाका गेले.

त्या संध्याकाळी बाकावर बसून जे डोक्यात आलं ते लिहून काढतेय. थोडा इतिहास आहे, थोडं घरचं. इतिहास कंटाळवाणा वाटला तर सोडून द्या, पण मग घरचंही कळणार नाही.

सुरुवात आजोबांपासून करते. १९७४ साली साताऱ्यात, शनिवार पेठेतल्या घरी, आजोबांना झटका आला. तेव्हा डॉक्टर घरी आले, इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, तीन आठवडे हलायचं नाही. कूससुद्धा कुणीतरी वळवायची. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली तरी माणूस लगेच मरतोच असं नाही, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये लिहिलं, तेव्हापासून अंथरूण हाच मुख्य उपचार. अमेरिकेत १९५२ मध्येच रुग्णांना आरामखुर्चीत बसवून बघितलं होतं आणि ते चांगलं मानवलं होतं. पण ती खुर्ची साताऱ्यापर्यंत यायला वेळ लागला. आजी मात्र पंखा घालत बसली.

आजोबांचं रक्त दुसऱ्या दिवशी घेतलं होतं. एसजीओटी. ही या विषयातली पहिली चाचणी. न्यूयॉर्कमधल्या लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कारमेन या तिघांनी १९५४ मध्ये दाखवलं की हृदयाचा स्नायू मेला की त्यातलं हे एन्झाइम रक्तात सांडतं आणि मोजता येतं. त्याआधी छातीत दुखणाऱ्या माणसाबद्दल रक्त काहीएक सांगत नव्हतं. नाडी, चेहरा, घाम आणि असला तर ईसीजी.

मी ऐंशीच्या दशकात शिकले तेव्हाही एसजीओटी हातानेच करायचो, रीटमन आणि फ्रँकल यांच्या १९५७ च्या पद्धतीने. टेस्ट ट्यूबमध्ये द्रावण, त्यात थेंबभर सिरम, मग ३७ अंशाच्या वॉटरबाथमध्ये एक तास. त्यानंतर दुसरं रसायन घालून वीस मिनिटं, मग सोडा घालून दहा मिनिटं. हळूहळू तपकिरी रंग चढतो तो कलरीमीटरवर वाचायचा. मध्येच वीज गेली की वॉटरबाथ गार, आणि सगळं पहिल्यापासून! पण खरी अडचण वॉटरबाथची नव्हतीच. एसजीओटी रक्तात चढायलाच आठ-बारा तास लागतात, आणि ते शिखर गाठतं दुसऱ्या दिवशी. शिवाय ते यकृतातही असतं, हातापायाच्या स्नायूतही असतं. म्हणजे ही चाचणी चोरी झाल्यावरच्या पंचनाम्यासारखी. घर फुटलं हे खरं, एवढंच सांगणार.

आजोबा त्यातून उठले आणि पुढे अकरा वर्षं जगले. एसजीओटीमुळे नव्हे. आजीच्या मते पंख्यामुळे.

एसजीओटीनंतर एलडीएच आलं. ते त्याहून आळशी, दोन-दोन दिवसांनी वर येणारं. मग सीपीके, आणि त्यातला हृदयाचा म्हणावा असा भाग, सीपीके-एमबी. हा चार ते सहा तासांत चढतो, साधारण एका दिवसात शिखरावर जातो, दोन-तीन दिवसांत उतरतो. एसजीओटीच्या मानाने अगदीच चपळ. नव्वदच्या दशकात आमच्या लॅबमध्ये सेमी-ऑटो अॅनालायझर आला, तेव्हा सीपीके-एमबीचं उत्तर अर्ध्या तासात हातात पडायला लागलं. आम्हाला काय अभिमान! आता सगळं झटपट झालं असं वाटायचं.

इथे थोडं मिरजेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे कुणाचं काही दुखलंखुपलं की "मिरजेला न्या" हे वाक्य ठरलेलं. त्याला कारण आहे. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं आणि रेल्वेच्या जंक्शनमुळे कुठून कुठून लोक गाडीने तिथे येऊ लागले. आणि त्याच मिरजेचे अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले असताना गाडीत छातीत दुखू लागलं म्हणून सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्टेशनात उतरले आणि तिथेच गेले. त्यांना मिरजेत आणून दर्ग्यात दफन केलं, अजून तिथे दरवर्षी गाणं होतं. मी एकदा रात्रभर ऐकायला बसले होते, तेव्हा मनात येत होतं की हॉस्पिटलांच्या गावातला हा माणूस जिथे कुणीही नाही अशा फलाटावर गेला. अर्थात मिरजेत असते तरी रक्तावरून त्यांना काही सांगेल अशी चाचणी तेव्हा जगात कुठेच नव्हती. असो. भरकटले.

आता १९९६. जानेवारीतली रात्र. आप्पाकाका जेवून उठले आणि साडेआठला छातीत दुखायला लागलं. काकूंनी सोडा दिला. दहा मिनिटांत बरं वाटेना तेव्हा काकूंनी शेजारच्यांना उठवलं, रिक्षा आणली आणि सव्वानऊला ते हॉस्पिटलात होते. दुखायला लागल्यापासून पाऊण तास. ईसीजीत काही विशेष नव्हतं. रक्त आमच्या लॅबमध्ये आलं. माझी संध्याकाळची पाळी होती. ट्यूबवरचं नाव वाचलं आणि पायातलं बळ गेलं. नमुना दोनदा लावला. दोन्ही वेळा चौदा.

मी लुना काढली आणि स्वतः रिपोर्ट घेऊन गेले. काकूंना म्हटलं, "काकू, नॉर्मल आहे, काही नाही!" काका हसले. म्हणाले, "मग एवढी रिक्षा कशाला केली?" अकराच्या सुमारास त्यांना घरी सोडलं, पित्ताची गोळी दिली, सकाळी परत या म्हणाले. पहाटे चारला ते गेले.

चाचणी चुकलेली नव्हती. मशीन बरोबर होतं, मी बरोबर मोजलं होतं. पाऊण-एक तासात सीपीके-एमबी चढतच नाही, तर दिसणार कुठून? मशीनला अर्धा तास लागत होता, पण रक्ताला चार ते सहा तास लागत होते. आणि हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. एकाच नमुन्यावर विश्वासू नका, काही तासांनी पुन्हा बघा, हे पुस्तकात होतं. मी ते वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं, चढउताराची आकृती काढून. त्या रात्री "नॉर्मल" हा शब्द इतका हवासा होता की मला ती आकृती आठवली नाही. हॉस्पिटलातही कुणाला आठवली नाही. मी इतरांना बोल लावत नाही, लावायचा तर आधी स्वतःला लावावा लागेल.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, हॅम्बुर्गच्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला. मी तो खूप नंतर वाचला. छातीत दुखतं म्हणून आलेली, पण ईसीजीत स्पष्ट झटका न दिसणारी ७७३ माणसं. अगदी आप्पाकाकांसारखी. त्यांचं ट्रोपोनिन पलंगाशेजारीच, पट्टीवर तपासलं. एकदा आल्यावर आणि पुन्हा किमान चार तासांनी. ज्यांचं दोन्ही वेळा निगेटिव्ह आलं, त्यांच्यात पुढच्या महिन्याभरात मृत्यू किंवा झटका येण्याचं प्रमाण ट्रोपोनिन टीला १.१ टक्के आणि ट्रोपोनिन आयला ०.३ टक्के. म्हणजे रक्ताच्या जोरावर "घरी जा" म्हणता येईल असं काहीतरी पहिल्यांदा हाताला लागलं. पण त्यातला "पुन्हा" हा शब्द काढला तर सगळंच कोसळतं.

ट्रोपोनिनची जन्मकथा मला फार आवडते. टोकियोचे सेत्सुरो एबाशी आणि अयाको कोदामा यांनी १९६५ मध्ये हे प्रथिन शोधलं, तेव्हा हार्ट अटॅकशी त्यांचा काडीमात्र संबंध नव्हता. कॅल्शियममुळे स्नायू आखडतो तो कसा, एवढंच त्यांना हवं होतं. पुढे कळलं की हृदयातलं ट्रोपोनिन टी आणि आय हे हातापायाच्या स्नायूतल्यापेक्षा थोडं वेगळं असतं. म्हणजे रक्तात ते दिसलं तर ते हृदयातलंच. जर्मनीच्या हुगो काटुस यांनी १९८९ मध्ये ट्रोपोनिन टी मोजायची पद्धत दिली. पहिल्या पद्धतीत हातापायाचं ट्रोपोनिनही थोडं मिसळायचं, ते पुढच्या आवृत्तीत सुधारलं. आणि २००० साली युरोप-अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी हार्ट अटॅकची व्याख्याच ट्रोपोनिनभोवती नव्याने बांधली. त्याच वर्षी अमेरिकेतला एक हिशोबही छापून आला. हार्ट अटॅक आलेला असताना इमर्जन्सीतून चुकून घरी पाठवले गेलेले, शंभरात दोनाहून किंचित जास्त. तिकडे, सगळ्या सोयी असताना. हा आकडा वाचून मला बरं वाटलं की वाईट, हे अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या लॅबमध्ये ट्रोपोनिनची पट्टी त्यानंतर आली. एक रेघ म्हणजे निगेटिव्ह, दोन म्हणजे पॉझिटिव्ह. पुसट दुसरी रेघ दिसली की आम्ही ट्यूबलाइटखाली, खिडकीपाशी, चष्मा लावून, काढून बघायचो. मी एक नियम मात्र स्वतःपुरता केला. रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ लिहायची आणि नातेवाइकांना विचारून दुखायला कधी लागलं तेही लिहायचं. कुणी सांगितलं नव्हतं. एका डॉक्टरांनी विचारलं, "हे काय नवीन?" मी म्हटलं, "असू दे सर."

पुढची उडी २००९ ची. ज्याला हाय-सेन्सिटिव्हिटी म्हणतात तसलं ट्रोपोनिन. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या आणि जर्मनीतल्या डॉक्टरांचे अभ्यास एकाच वेळी आले. जुन्या पट्टीला जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे हे मशीन आकडा देतं. किती बारीक? ट्रोपोनिन टीची नेहमीची मर्यादा लिटरमागे १४ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे शंभर कोटी तुकडे केले तर त्यातला एक. मी एके काळी तपकिरी रंगाकडे डोळे ताणून बघत होते, त्या बाईला हे काय वाटत असेल याची कल्पना करा.

पण इतकं बारीक दिसायला लागल्यावर नवीच पंचाईत झाली. धडधाकट माणसाच्या रक्तातही थोडं ट्रोपोनिन असतंच. म्हातारपणी जास्त, किडनी कमकुवत असेल तर आणखी जास्त. लांब पल्ल्याचं धावून आलं तरी काही तास वाढतं. साताऱ्यात २०१२ पासून हिल मॅरेथॉन होते, यवतेश्वरचा घाट चढून जायचं. त्या दिवशी घाट उतरून आलेल्या निरोगी पोरांचं रक्त तपासलं तर कितीतरी जणांना दाखल करून घ्यावं लागेल! म्हणजे नुसता आकडा बघून भागत नाही. तो हलतोय का ते बघायचं. हृदयाचा स्नायू मरत असेल तर तासाभरातही आकडा चढतो. म्हातारपणामुळे वाढलेला असेल तर जिथल्या तिथे बसून राहतो.

यावरूनच २०१५ मध्ये युरोपच्या तज्ज्ञांनी शून्य आणि एक तासाची पद्धत सुचवली. आल्यावर रक्त, तासाने पुन्हा रक्त. पहिला आकडा बाराच्या खाली आणि तासाभरात तीनपेक्षा कमी फरक, तर ट्रोपोनिन टीपुरता धोका जवळजवळ नाही. आकडा मुळातच मोठा किंवा तासात पाचने चढला, तर दाखल. मधल्यांना थांबवून तिसऱ्यांदा रक्त. (हे आकडे त्या एका मशीनचे आहेत, दुसऱ्या कंपनीचं मशीन असेल तर वेगळे. घरी बसून स्वतःचे रिपोर्ट वाचू नका, ही टेक्निशियनची विनंती! आणि ईसीजीतच झटका स्पष्ट दिसत असेल तर रक्ताची वाट कुणी बघत नाही, थेट उपचार.)

आमच्याकडे याचा उपयोग किती? बंगळूरच्या डॉक्टरांनी देशभरातल्या ५० शहरांतल्या वीस हजारांहून जास्त हृदयरुग्णांची नोंद ठेवली होती, ती २००८ मध्ये छापून आली. दुखायला लागल्यापासून हॉस्पिटलात पोचायला लागलेला वेळ, मधल्या माणसाचा, ३६० मिनिटं. सहा तास! गॅस असेल, पित्त असेल, सकाळी बघू, भाऊ गाडी घेऊन येतोय. गंमत अशी की इतक्या उशिरा येणाऱ्याला झटपट चाचणीची गरज तशी कमीच. दुखून तीन तास उलटले असतील आणि आकडा अगदीच नगण्य असेल तर एकाच नमुन्यात निकाल लागू शकतो. तास-दीड तासात धावत येणाऱ्याचंच रक्त गप्प असतं. दोनदा विचारायचं असतं ते त्याला.

म्हणून घरच्यांसाठी आता स्पष्टच लिहिते. आप्पाकाकांच्या तेराव्याला एक पाहुणे म्हणाले होते, "सोडा देत बसल्या, वेळेवर नेलं असतं तर..." ते वाक्य आपल्या घरात जवळपास तीस वर्षं फिरतंय. लग्नात, बारशात, कुणाच्या छातीत दुखलं की दबक्या आवाजात. मीही ते ऐकलंय आणि गप्प बसलेय, कारण बोलायला लागले असते तर लुनावरून नेलेल्या त्या कागदाबद्दल बोलावं लागलं असतं. देशातला मधला माणूस सहा तासांनी पोचतो. काकूंनी पाऊण तासात नेलं. त्यात सोड्याची दहा मिनिटं धरलेली आहेत. काकूंचा उशीर झाला नव्हता. त्या आमच्या चाचणीच्या आधी पोचल्या होत्या.

तर, त्या संध्याकाळी साताऱ्यात. काकूंचा पहिला आकडा आला २१. मला धस्स झालं, सवयीने. डॉक्टर म्हणाले, वय चौऱ्याऐंशी आहे, क्रिएटिनीनही थोडं वर आहे, तासाने बघू. तासाने २२. मधल्या गटात. मग तीन तासांनी तिसऱ्यांदा. सिस्टर ट्रे घेऊन आली तेव्हा काकू वैतागल्या. "अगं, किती वेळा टोचणार? एकदा घेतलंय की!"

मी त्यांना सांगितलं. एकदा घेतलेलं पुरत नाही. आकडा हलतोय का ते बघायचं असतं, म्हणून पुन्हा पुन्हा. त्या ऐकत होत्या. मग माझ्या मांडीवरच्या त्या फाटक्या कागदाकडे बघून म्हणाल्या, "यांचं एकदाच घेतलं होतं ना गं?"

"हो," मी म्हटलं. "एकदाच."

"आणि मी लवकर नेलं होतं."

"फार लवकर नेलं होतं काकू."

त्यांनी पदर सारखा केला आणि सिस्टरपुढे हात धरला. तिसरा आकडा २१ आला. रात्री साडेदहाला आम्ही घरी पोचलो. काकूंनी मऊ भात खाल्ला, कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि पिशवी उशाशी घेऊन झोपल्या.